ब्रँड बदलायचा का? दोन फोनच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५

प्रश्न: आहे त्या ब्रँडवर राहायचं की दुसऱ्याकडे जायचं?

व्याप्ती: माझा फोन आणि आईचा फोन. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही अँड्रॉइड. आईचा फोन म्हणजे माझा आधीचा फोन. आजवर असंच चालत आलंय, मी नवा घेतला की जुना तिच्याकडे जातो.

कारण: दोन्ही फोनवर सुरक्षेच्या अपडेट येणं थांबलंय. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ म्हणून एक तारीख दिसते. माझ्या फोनवर ती गेल्या वर्षीची आहे, आईच्या फोनवर त्याहून बरीच जुनी. बाकी दोन्ही फोन ठणठणीत. पडदा स्वच्छ, बॅटरी दिवस काढते, कॅमेरा मला पुरतो. बिघडलेली वस्तू बदलायला विचार करावा लागत नाही. धडधाकट वस्तू बदलायला मन तयार होत नाही.

पण आई त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करते. ओटीपी तिथेच येतो, तपासण्यांचे रिपोर्ट तिथेच, भाचरांचे फोटो तिथेच. ती तारीख पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही.

एक गोष्ट आजच ठरवून टाकते. या नोंदींमध्ये कॅमेऱ्यांची तुलना होणार नाही. फोन किती वेगात चालतो तेही मोजायचं नाही. आज बाजारात असलेल्या बऱ्या फोनांमध्ये आम्हा दोघींना जाणवेल असा फरक त्यात उरलेला नाही.

५ ऑक्टोबर

पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) थांबला म्हणजे नेमकं काय थांबलं, ते नीट समजून घेतलं.

२०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. नुसता एक एमएमएस पाठवून समोरच्याच्या फोनचा ताबा घेता येऊ शकत होता. त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षा पत्रिका काढायला सुरुवात केली. कोणते दोष सापडले, किती गंभीर, दुरुस्ती काय, हे सगळं त्यात जाहीर असतं. पद्धत चांगली आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की दोष जाहीर झाला की तो चोरालाही कळतो. ज्याच्या फोनवर दुरुस्ती पोहोचत नाही, त्याच्या फोनची कमजोरी जगाला माहीत असते.

दुरुस्ती फोनपर्यंत येते ती टप्प्याटप्प्याने. गूगल मूळ प्रणाली दुरुस्त करतं, चिप बनवणारी कंपनी आपले ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम) दुरुस्त करते, मग फोनची कंपनी ते सगळं आपल्या मॉडेलवर बसवून, तपासून पाठवते. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं थांबतं. चिपवाल्यांनी हात काढला तर फोनच्या कंपनीला इच्छा असूनही फार काही करता येत नाही.

अँड्रॉइड १० पासून (२०१९) प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने थेट अपडेट होऊ लागले. त्यामुळे आमचे फोन अगदीच वाऱ्यावर नाहीत. ॲपही अपडेट होत राहतात. पण प्रणालीचा गाभा (कर्नल) आणि ड्रायव्हर या वाटेने येत नाहीत, आणि गंभीर दोष बऱ्याचदा तिथेच निघतात.

९ ऑक्टोबर

कोण किती वर्षांचं वचन देतं, ते आज पाहिलं. हाच या प्रकल्पाचा कणा आहे.

गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणताना ७ वर्षांच्या अपडेट जाहीर केल्या. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ मालिकेला तेवढंच वचन दिलं. ॲपल आधी आकडा सांगत नसे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने किमान मुदत जाहीर करणं भाग पडलं, तेव्हा आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी त्यांनी ‘किमान ५ वर्षं’ असं लिहून दिलं. प्रत्यक्षात ते त्याहून जास्त देतात: २०१९ चा आयफोन ११ या वर्षीच्या आयओएस २६ वर (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) चालतो. वचन कमी, वर्तन जास्त. फेअरफोनने फेअरफोन ५ ला २०३१ पर्यंतचा पाठिंबा सांगितला आहे. त्यासाठी त्यांनी मुद्दाम औद्योगिक उपकरणांसाठीची चिप वापरली, कारण त्या चिपला मुळातच लांब मुदतीचा पाठिंबा असतो. परवाच्या कडीचा मुद्दा तो हाच.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट, ७ वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची निदान ८० टक्के क्षमता. नियम युरोपातला असला तरी कंपन्या प्रत्येक देशासाठी वेगळा फोन घडवत बसत नाहीत, म्हणून त्याचा उपयोग बाहेरच्यांनाही होईल असं मला वाटतं.

महत्त्वाचं, ठळक करून ठेवते: ही ७ वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. पिक्सेल ८ आज घेतला तर त्याची मुदत ऑक्टोबर २०३० ला संपणार, म्हणजे हातात ५ वर्षं. मागच्या पिढीचा फोन स्वस्त पडतो तो काही अंशी यामुळेही. तो घेऊ नये असं नाही, पण उरलेल्या वर्षांनी किंमत भागून पाहावी.

आणि वचन देणारी कंपनी त्या धंद्यात टिकायला हवी. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला थांबली, त्यानंतर त्यांवरून साधा कॉल लागेल याचीही खात्री राहिली नाही. ही दोन्ही नावं एके काळी अढळ वाटत होती.

यादीत उरलेले: पिक्सेल, गॅलॅक्सी एस, आयफोन. सध्याचा ब्रँड यादीतून आज बाद. त्यांची नवी मॉडेलं पाहिली, आमच्या आवाक्यातल्या फोनांना त्यांचं वचन अजून तोकडं आहे.

११ ऑक्टोबर

ताईशी बोलले. ती बरीच वर्षं आयफोनवर आहे. मला वाटलं होतं ती सरळ म्हणेल, आयफोन घे. ती म्हणाली, “तू आधी हे बघ की तुझं काय काय त्या कंपनीच्या खात्यात अडकलंय. फोन कुठलाही घे, बाहेर पडताना रडू येतं ते त्याचं.”

तिचं बरोबर आहे. आजपासून क्रम उलटा करते. आधी आमच्या दोघींच्या सगळ्या गोष्टी कुठल्याही ब्रँडवर नेता येतील अशा सोडवून घ्यायच्या, निवड त्यानंतर. नाहीतर ‘निघणं अवघड आहे’ या एकाच कारणासाठी माणूस राहतो आणि त्याला पसंती म्हणतो.

सोडवायच्या गोष्टी: संपर्क, फोटो, टिपणं, व्हॉट्सॲप, पासवर्ड आणि ओटीपीची ॲप, बँक, माझं घड्याळ.

१३ ऑक्टोबर: संपर्क

सर्वांत सोपं समजून हातात घेतलं, सर्वांत जास्त वेळ यातच गेला.

फोनमधलं नाव तीन ठिकाणी असू शकतं: फोनच्या आतल्या वहीत, सिमवर, किंवा एखाद्या खात्यात (गूगलच्या, नाहीतर फोनच्या कंपनीच्या). यादीत सगळी एकत्रच दिसतात, त्यामुळे कुठलं नाव कुठे आहे हे कळत नाही. आईची बहुतेक नावं फोनच्या वहीत निघाली. म्हणजे तो फोन पाण्यात पडला असता तर तिची सगळी माणसं त्याच्याबरोबर गेली असती. काही नावं सिमवर होती, तीही अर्धवट, कारण सिमवर नावाला जागा थोडी असते आणि देवनागरीला तर आणखी थोडी.

सगळं एका फाइलमध्ये काढलं. त्या फाइलचा साचा व्हीकार्ड, जवळजवळ सगळ्या फोनांना कळणारा. पण संगणकावर ती फाइल उघडली तर आईच्या देवनागरी नावांच्या जागी नुसती बरोबरची चिन्हं आणि आकडे-अक्षरं: =ई०=ए४ अशा सुरुवातीची लांबच लांब माळ. आधी धस्स झालं. मग उलगडा झाला. फोनने व्हीकार्डची जुनी, २.१ ही आवृत्ती वापरली होती, आणि तिच्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं सांकेतिक रूपात गुंडाळून ठेवतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची नेहमीची रीत) ३ बाइट लागतात, आणि या गुंडाळणीत प्रत्येक बाइटची ३ चिन्हं होतात. एका ‘क’ची ९ चिन्हं. माहिती शाबूत असते, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला गुंडाळी सोडवता यायला हवी एवढंच. काही प्रोग्रॅम ती सोडवत नाहीत आणि यादीत तशीच माळ आणून ठेवतात.

केलं ते असं: फाइल अँड्रॉइडवरच गूगल खात्यात आयात केली (तिथे नावं नीट उलगडली), मग संगणकावरून त्या खात्यातून व्हीकार्ड ३.० मध्ये परत काढली. त्या फाइलमध्ये ‘सुलभामावशी’ सरळ ‘सुलभामावशी’ म्हणून वाचता येते. ही फाइल आता कुठल्याही ब्रँडच्या फोनवर चालेल. एक प्रत माझ्याकडे, एक ताईकडे.

दोन्ही फोनवर ‘नवीन संपर्क कुठे साठवायचा’ ही सेटिंग बदलली. हे राहिलं असतं तर उद्यापासून पुन्हा वहीतच भर पडत गेली असती.

१४ ऑक्टोबर

दुबार नावं एकत्र केली. आईने शेजारी बसून एकेक नाव सांगितलं. काही माणसं आता नाहीत. त्यांचे नंबर काढायचे का, असं मी विचारलं. “राहू दे,” म्हणाली. राहू दिले.

१८ ऑक्टोबर: फोटो

माझे फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत. आईचे निम्मे तिथे, निम्मे जुन्या ब्रँडच्या गॅलरीच्या क्लाउडमध्ये. गूगलकडे फुकट जागा १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. आयक्लाउडवर फुकट ५ जीबी. म्हणजे फोन बदलला की पाठोपाठ भाड्याच्या जागेचाही प्रश्न येतो.

माझं मत: क्लाउड सोयीचा आहे, तो घ्यावा, पण मूळ प्रत आपल्या डिस्कवर हवी. त्याचसाठी गूगलच्या ‘टेकआउट’ने सगळं उतरवलं. एक खाचखळगा इथे सांगायलाच हवा. टेकआउट फोटोंच्या शेजारी प्रत्येकाची एक छोटी जेसन फाइल देतं, आणि गूगल फोटोजमध्ये आपण हाताने दुरुस्त केलेली तारीख, ठिकाण, वर्णन त्या फाइलमध्ये असतं, फोटोत नसतं. नुसते फोटो उचलून दुसरीकडे टाकले तर स्कॅन केलेले जुने फोटो सगळे ‘आज’च्या तारखेत जाऊन पडतात. आईच्या लग्नाचे फोटो २०२५ च्या ऑक्टोबरात! जेसनमधली तारीख फोटोत भरून देणारे मोकळे प्रोग्रॅम आहेत. तसा एक चालवला, मग दहा-बारा फोटो उघडून तारखा ताडून पाहिल्या.

आयफोनकडे जायचं ठरलं तर गूगल फोटोजमधून आयक्लाउडमध्ये थेट हलवायची सोय जुलै २०२४ पासून आहे. उलट दिशेची मार्च २०२१ पासूनच होती. दोन्हींत मूळ ठिकाणचे फोटो पुसले जात नाहीत, प्रत जाते.

२१ ऑक्टोबर

टिपणं. जुन्या ब्रँडच्या टिपणांच्या ॲपमधून सगळं एकदम काढायची सोय नाही, एकेक टिपण शेअर करून काढावं लागलं. पुढे कुठल्याही फोनच्या कंपनीच्या टिपणांच्या ॲपमध्ये मी काही लिहिणार नाही. विषय संपला.

२४ ऑक्टोबर: व्हॉट्सॲप

आईसाठी व्हॉट्सॲप म्हणजेच फोन. त्यामुळे हे नीट वाचून घेतलं.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जायचं तर दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने गप्पा थेट हलवता येतात. ही सोय २०२३ मध्ये आली, मध्ये क्लाउड लागत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप वापरावं लागतं, ही वाट २०२२ मध्ये उघडली. तिची अट: आयफोन अगदी नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला हवा. पहिल्या मांडणीच्या वेळीच ते होतं. ‘आधी फोन चालू करून बघू, व्हॉट्सॲप रविवारी’ असं केलं तर पुन्हा सगळं पुसून सुरुवात करावी लागते. फोन नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जरला लावलेले हवेत. कॉलची नोंद हलत नाही, संदेश आणि फोटो हलतात.

अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडता येत नाही. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

आईच्या फोनवर व्हॉट्सॲपने व्यापलेली जागा तपासली. बहुतेक सगळी सुप्रभातांच्या चित्रांची आणि फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओंची. व्हॉट्सॲप मोठ्या फाइलींपासून उतरत्या क्रमाने जी यादी दाखवतं, ती उघडून आईसमोरच साफ केली. तिने ठेवायला सांगितलं ते ठेवलं.

२६ ऑक्टोबर: पासवर्ड, पासकी, ओटीपी

इथे घाई केली तर माणूस आपल्याच खात्याबाहेर उभा राहतो, म्हणून संपूर्ण दुपार दिली.

पासवर्ड ब्राउझरमधून काढून स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये नेले. फोनच्या किंवा प्रणालीच्या मालकाचा नसलेला, दोन्हीकडे चालणारा. पासकीचा, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीचा, प्रश्न जरा वेगळा. पासकी आपल्याला दिसत नाही, पाठ करता येत नाही, ती ज्या तिजोरीत तयार झाली तिथेच राहते. अँड्रॉइड १४ आणि आयओएस १७ पासून (दोन्ही २०२३) तिसऱ्या कंपनीच्या मॅनेजरलाही पासकी ठेवता येतात, म्हणून महत्त्वाच्या खात्यांवर नवीन पासकी तिथे करून घेतल्या आणि त्या चालतात हे पाहिल्यावर जुन्या काढल्या. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात पासकी सुरक्षितपणे नेण्याची सोय आयओएस २६ ने सुरू केली आहे. ती सगळीकडे रुळेपर्यंत मी माझी तिजोरी वेगळीच ठेवणार.

सहा आकडी कोड देणारी ॲप: कोड बनवण्याची रीत २०११ पासून खुली आणि प्रमाणित आहे, त्यामुळे ते कुठल्याही ब्रँडवर बनतात. अडचण एकच, बीज म्हणजे मूळ गुप्त किल्ली नव्या फोनवर पोहोचली पाहिजे. जुना फोन पुसण्यापूर्वी प्रत्येक खात्यात नव्या फोनवरच्या कोडने एकदा आत जाऊन दाखवायचं, हा नियम लिहून ठेवते. संकटकाळी वापरायचे कोड कागदावर छापून कपाटात ठेवले.

बँक: बऱ्याच बँकांची ॲप एका वेळी एकाच फोनवर नोंदतात. नवीन फोनवर नोंद केली की जुन्यावरची बंद होते. हे काम बँकेची मदत मिळू शकेल अशा वेळी, दिवसाउजेडी करायचं.

२८ ऑक्टोबर

घड्याळ. माझं मनगटी घड्याळ जुन्या ब्रँडचं. इतर अँड्रॉइडवर चालतं, काही सोयी वजा जाता. घड्याळ ही फोनपेक्षा चिवट गाठ असते: ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही, आणि गॅलॅक्सी वॉच ४ पासून पुढची घड्याळं आयफोनला जोडली जात नाहीत. चालण्याच्या नोंदी काढून ठेवल्या. नवं घड्याळ या प्रकल्पात नाही.

१ नोव्हेंबर: ताईचा आयफोन हातात

ताई दोन दिवसांसाठी आली होती. तिच्या फोनवर मी आणि आई दोघी बसलो.

माझा अनुभव चांगला होता. फोन शांत वाटतो. आगंतुक सूचना कमी, आधीपासून भरलेली फालतू ॲप नाहीत. मला आठवड्यात सवय होईल.

कीबोर्डवर मात्र मी अडकले. मी मराठी खूप लिहिते, आणि जुन्या कीबोर्डने माझे शब्द, आडनावं, घरातली लाडकी नावं शिकून घेतली आहेत. ती शिकवण ब्रँडबरोबर हलत नाही, नव्याने शिकवावी लागते. दुसरी गोष्ट जास्त खोल. ‘ॲ’ हे अक्षर दोन रीतींनी साठवता येतं: एक स्वतंत्र चिन्ह (ते युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकी अक्षरसंचात, २००८ साली आलं), किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या रफाराचंही तसंच. एका कीबोर्डने लिहिलेलं टिपण दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर सापडत नाही, असं होऊ शकतं. हे आज करून पाहिलं: ताईच्या फोनवर माझ्या खात्यातलं ‘ॲड. देशपांडे’ हे नाव तिथल्या कीबोर्डने शोधलं, आलं नाही. नुसतं ‘देशपांडे’ टाकल्यावर आलं. दोष कुणा एका फोनचा नाही. पण कीबोर्ड बदलणाऱ्या मराठी माणसाने ही तपासणी करून बघावी. मी माझ्या याद्यांमध्ये स्वतंत्र चिन्हाचीच रीत ठेवणार आहे आणि संगणकावर एकगठ्ठा बदल करून घेतला आहे.

आईचा अनुभव वेगळा. ती पडद्याच्या खाली बोट नेऊन थांबली. “मागे जायचं कुठून?” अँड्रॉइडवर तिच्याकडे खाली तीन बटणं आहेत, त्यातलं ‘मागे’चं बटण म्हणजे तिचा आधार. कुठेही चुकलं तरी ते दाबत राहिलं की ती घरी परत येते. आयफोनवर मागे जायची खूण कधी वर डावीकडे असते, कधी कडेवरून बोट सरकवावं लागतं. ताईने प्रेमाने समजावलं. आईने करूनही दाखवलं. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो सैलपणा गेला, जो तिच्या फोनवर असतो.

२ नोव्हेंबर

आईला विचारलं, तुला काय हवंय? तिच्या अटी तिच्याच शब्दांत:

“मागे जायचं बटण असू दे. अक्षर मोठं. हातात जड नको, मी तासभर बोलते. आणि तुझ्याकडे पण तोच फोन असू दे, म्हणजे तू तिकडून सांगितलंस की मला इकडे सापडेल.”

शेवटची अट माझ्या यादीत नव्हती, आणि ती सगळ्यांत वजनदार आहे. मी शेजारी नसते तेव्हा फोनवरूनच तिला सांगते: वर उजवीकडे तीन ठिपके, त्यातलं तिसरं. दोघींच्या पडद्यावर एकच चित्र असेल तर हे सांगणं जमतं. आजवर एकच ब्रँड आपोआप राहिला होता, आता तो मुद्दाम राखायचा.

८ नोव्हेंबर: निवड

आयफोन बाद, आईच्या बटणासाठी. त्याच्या सुरक्षेबद्दल, टिकाऊपणाबद्दल मला शंका नाही. मी एकटीच असते तर कदाचित तोच घेतला असता, आणि आता माझं काहीही अडकलेलं नसल्यामुळे पुढेही घेऊ शकते.

उरले पिक्सेल १० आणि गॅलॅक्सी एस२५. दोन्ही याच वर्षीचे, दोन्हींना ७ वर्षं, दोन्हींवर तीन बटणांची पट्टी ठेवता येते. पिक्सेल २०४ ग्रॅम, गॅलॅक्सी १६२ ग्रॅम. बॅटरी उलट: पिक्सेल ४,९७० एमएएच, गॅलॅक्सी ४,०००. प्रणाली पिक्सेलची मला जास्त आवडते, साधी आहे, आणि अपडेट तिथे आधी पोहोचतात. दुकानात आईने दोन्ही कानाला लावून, मग व्हिडिओ कॉलसारखे समोर धरून पाहिले. हलका तिच्या हातात राहिला, दुसरा तिने लगेच टेबलावर ठेवला.

दोन गॅलॅक्सी एस२५. बॅटरी लहान आहे, म्हणून तीन-चार वर्षांनी ती अधिकृत केंद्रातून एकदा बदलायची, हे हिशेबात धरलं आहे.

नव्या ब्रँडचा कीबोर्ड, पासवर्डची तिजोरी, टिपणं, गॅलरीचा क्लाउड: पहिल्या मांडणीत यातलं काहीही सुरू करायचं नाही. कीबोर्ड दोघींचा गूगलचा जीबोर्ड. एवढी मेहनत करून सोडवलेली गाठ पुन्हा मारायची नाही.

१५ नोव्हेंबर: आईचा फोन आधी

तिचा पॅच जास्त जुना, म्हणून तिचा पहिला. सकाळी सुरुवात.

क्रम: जुन्या फोनचा ताजा बॅकअप. नव्यावर गूगल खातं, संपर्क आले (नावं देवनागरीत, नीट). सिम हलवलं. व्हॉट्सॲप क्यूआरने. बराच वेळ लागला पण सगळं आलं, अगदी जुन्या गटातले आवाजी निरोपसुद्धा. मग बँक. तीन बटणांची पट्टी चालू, अक्षर मोठं, पहिल्या पानावर तिची पाचच ॲप, जुन्या फोनवर होती त्याच जागी. सूचना फक्त फोन, संदेश, व्हॉट्सॲप आणि बँकेच्या.

संध्याकाळी तिने स्वतःहून ताईला व्हिडिओ कॉल लावला.

१६ नोव्हेंबर

माझा फोन. कालच्याच क्रमाने, शिवाय ओटीपीची ॲप. प्रत्येक खात्यात नव्या कोडने आत गेले. एका जुन्या खात्यात कोड स्वीकारला गेला नाही, छापलेला संकटकोड वापरून आत जाऊन नवीन बीज घेतलं. जुना फोन अजून पुसलेला नाही.

२३ नोव्हेंबर: जुने फोन

आठवडाभर जुने फोन बंद करून ठेवले होते. कशासाठीही उघडावे लागले नाहीत, म्हणून आज पुसले.

आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढलं, मग फॅक्टरी रीसेट. अँड्रॉइड ५.१ पासून (२०१५) रीसेटनंतरही जुन्या खात्याचं कुलूप राहू शकतं, आणि मग तो फोन पुढच्या माणसाला उघडता येत नाही. दोन्ही फोन अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेले, त्यांत माहिती कूटबद्धच असते. रीसेटमध्ये किल्ली नष्ट झाली की मागे उरतं ते न वाचता येणारं.

माझा जुना फोन या वेळी आईकडे गेला नाही, आणि पॅचशिवाय तो दुसऱ्या कुणाला बँकेच्या कामासाठी द्यायचाही नाही. दोन्ही ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात दिले, पावती घेतली.

उरलेली कामं: घड्याळाच्या नोंदींचं काय करायचं ते ठरवायचं आहे. दोन किरकोळ खात्यांच्या पासकी अजून जुन्या तिजोरीत आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही फोनवरची पॅचची तारीख पाहायची. आईची ती मला फोनवर वाचून दाखवेल, जागा तिला माहीत आहे. एस२५ ची मुदत २०३२ च्या सुरुवातीला संपेल. कॅलेंडरमध्ये जानेवारी २०३१ ला नोंद टाकली आहे: संपर्कांची फाइल ताजी करणे, टेकआउट उतरवणे, ब्रँडची नवी यादी.